गृहकर्जाच्या गळ्यात बांधलेला विमा : पैसे परत कसे मिळवायचे?

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण नीट सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी सांगलीत फ्लॅट घेतला. एका हौसिंग फायनान्स कंपनीकडून २५ लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, ९ टक्के व्याज. परवा आयकराच्या कामासाठी खात्याचा उतारा मागवला तर कर्जाची मूळ रक्कम २६ लाख २० हजार दिसली. वरचे १ लाख २० हजार म्हणजे 'इन्शुरन्स प्रीमियम'. तो एकरकमी भरून कर्जातच मिसळला आहे, म्हणजे त्यावरही मी २० वर्षं व्याज भरणार.

विम्याचं बोलणं झालं होतं हे खरं. कर्जाचं काम पाहणारा मुलगा म्हणाला होता, "सर, विमा टाकल्याशिवाय सिस्टीम फाईल पुढे घेत नाही, सगळ्यांना असतोच." ताबा घ्यायची तारीख तोंडावर आली होती, बिल्डरचे रोज फोन चालू होते. रक्कम किती, मुदत किती, हे कुणीच सांगितलं नाही.

आता भांडून भांडून विम्याचं सर्टिफिकेट ईमेलवर मिळवलं आहे. त्यात तीन गोष्टी दिसल्या. कर्ज २० वर्षांचं, पण संरक्षण १० वर्षांचंच. विमा फक्त माझा आहे, बायको सहकर्जदार असून तिचं नावच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरोग्याच्या घोषणापत्रात 'रक्तदाब आहे का' यापुढे 'नाही' असं छापलं आहे. मी रोज गोळी घेतो आणि हे त्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे उद्या माझं बरंवाईट झालं तर कंपनी याच ओळीवर बोट ठेवून दावा नाकारणार.

शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्ही सही केली आहे, फ्री लुकची, म्हणजे घेतलेला विमा रद्द करायची, मुदतही संपली. आता काही होत नाही." खरंच काही होत नाही का?

---

शाईपेन

होतं, आणि तुमच्या बाबतीत बरंच होण्यासारखं आहे. मी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे हे कागद आतून पाहिलेले आहेत.

आधी एक महत्त्वाचं. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. 'विम्याचं मिटेपर्यंत ईएमआय देणार नाही' असं म्हणणारे लोक पाहिले आहेत. सिबिल खराब होतं, दंडाची आकारणी सुरू होते आणि मूळ तक्रार बाजूला पडून तुम्हीच थकबाकीदार ठरता. हप्ता वेळेवर भरत राहा.

आता फ्री लुक. २०२४ च्या इर्डाच्या (विम्याच्या नियामकाच्या) नियमांनुसार ही मुदत ३० दिवसांची आहे आणि ती विम्याचा दस्तऐवज तुमच्या हातात पडल्यापासून मोजायची असते, प्रीमियम कापल्याच्या तारखेपासून नव्हे. सर्टिफिकेट तुम्हाला आत्ता पहिल्यांदा मिळालं असेल तर तुमचे ३० दिवस आत्ता सुरू झाले आहेत. ते आधीच पाठवलं होतं असं कंपनीचं म्हणणं असेल तर कुठल्या पत्त्यावर, कोणत्या तारखेला, कशाने पाठवलं याचा पुरावा त्यांनी द्यायचा. शाखेतल्या माणसाचं तोंडी 'मुदत संपली' याला काही किंमत नाही.

म्हणून आज-उद्याच विमा कंपनीला (कर्ज कंपनीला नव्हे, तिला फक्त प्रत) लेखी कळवा की फ्री लुकखाली हे संरक्षण मला रद्द करायचं आहे. ज्या ईमेलवर सर्टिफिकेट आलं त्यालाच उत्तर द्या, शिवाय कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. शाखेत हस्ते द्यायचं असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

फ्री लुकमध्ये जेवढे दिवस संरक्षण होतं त्याचा प्रमाणशीर हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढंच वजा होतं. बाकी सगळी रक्कम परत मिळायला हवी.

---

आकडेमोड

या १ लाख २० हजारांची खरी किंमत मांडून दाखवतो, म्हणजे घरच्यांना समजावता येईल. ९ टक्के दर आणि २४० हप्ते धरले तर लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. १ लाख २० हजारांना महिना सुमारे १,०८० रुपये. २० वर्षांत हे झाले २ लाख ५९ हजार. संरक्षण १० वर्षांचं, तेही कर्जाबरोबर दरवर्षी घटत जाणारं, आणि पैसे मात्र २० वर्षं मोजायचे. अकराव्या वर्षापासून पुढे तुम्ही संपून गेलेल्या विम्याचे हप्ते भरत असाल.

कर्ज ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालं असेल तर केएफएस, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाचे सगळे आकार एकत्र दाखवणारा कागद), काढून बघा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ मुदत कर्जांना ते बंधनकारक केलं आहे. कर्ज देणारी संस्था तिसऱ्या कंपनीच्या वतीने जे पैसे वसूल करते, त्यात विमाही आला, ते वेगळे दाखवून एपीआरमध्ये (सगळे आकार धरून निघणाऱ्या वार्षिक दरात) धरायचे असतात, आणि त्याची पावतीही द्यायची असते. केएफएसमध्ये नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तुमच्या केएफएसमध्ये ही ओळ नसेल तर तक्रारीचा कणा तिथेच मिळाला.

---

कृष्णाकाठ

केएफएस सापडलं. त्यात प्रोसेसिंग फी आहे, कायदेशीर तपासणीचा खर्च आहे, विम्याच्या रकान्यात मात्र 'लागू नाही' असं लिहिलं आहे! आणि त्याच आठवड्यात खात्यातून प्रीमियम गेला आहे. शाईपेन काका, पत्र आज रात्रीच लिहितो.

---

टेंभुर्णी

सगळे रद्द करा म्हणत आहेत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. माझा मोठा भाऊ गेला तेव्हा त्याच्यावर घराचं कर्ज होतं आणि असाच कर्जाला जोडलेला विमा होता. दावा मंजूर झाला, कर्ज फिटलं आणि उरलेली रक्कम वहिनीच्या खात्यात आली. तो विमा नसता तर वहिनीला मुलांना घेऊन भाड्याच्या घरात जावं लागलं असतं. त्यामुळे 'कर्जाचा विमा म्हणजे लूट' असं सरसकट म्हणू नका. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि मागे खाणारी तोंडं आहेत त्याला विमा हवाच.

---

शाईपेन

टेंभुर्णी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुमच्या भावाचा दावा मिळाला कारण घोषणापत्र खरं होतं. कृष्णाकाठांच्या घोषणापत्रात रक्तदाब लपवला गेला आहे आणि तोही त्यांनी नव्हे. अशा कागदावर त्यांच्या पत्नीने विसंबून राहायचं?

पण तुमच्यामुळे एक गोष्ट सांगायची आठवण झाली. कृष्णाकाठ, हा विमा रद्द होण्याआधी स्वतंत्र टर्म पॉलिसीचा अर्ज करा. रक्तदाब, गोळीचं नाव, सगळं खरं लिहा, हप्ता थोडा जास्त बसला तरी चालेल. ती पॉलिसी हातात आली की मन शांत राहील. फक्त फ्री लुकचे ३० दिवस त्या नादात घालवू नका, दोन्ही कामं बरोबरच चालू द्या.

घराच्या इमारतीचा आगीचा वगैरे विमा वेगळा. तो बहुतेक कर्ज करारात अट म्हणून असतो आणि तो ठेवायचाच. पण तोही त्यांच्याच ओळखीच्या कंपनीकडून घ्या अशी सक्ती करता येत नाही.

---

मांडवी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे हाच प्रकार वैयक्तिक कर्जात झाला. बाबांनी माझ्या बहिणीच्या लग्नासाठी कर्ज घेतलं, विमा आपोआप लागला. बाबांना मधुमेह होता, फॉर्म एजंटने भरला आणि सगळीकडे 'नाही' 'नाही' 'नाही' अशी टिक केली. बाबा गेल्यावर दावा नाकारला गेला, कारण 'आजार लपवला'.

आम्ही आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली, तिने नकार कायम ठेवला, मग विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) गेलो. तेव्हा गोव्याच्या तक्रारी मुंबईच्या कार्यालयात जात असत. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना तिथे वकील चालतच नाही. आईच बोलली. आम्ही एकच मुद्दा धरला : फॉर्मवरचं अक्षर बाबांचं नाही, खाली फक्त सही त्यांची आहे, आणि बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. फॉर्म त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याचं प्रमाणपत्र जिथे असायला हवं ती जागा कोरी होती. कंपनीच्या प्रतिनिधीला त्यावर उत्तर देता आलं नाही. निकाल आईच्या बाजूने लागला.

तेव्हा कृष्णाकाठ, घोषणापत्राची पूर्ण प्रत मागा. नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. कुणाचं अक्षर, टिक छापील की पेनाची, कोऱ्या जागा कोणत्या, हे सगळं त्यातच दिसतं. ऑनलाईन झालं असेल तर ओटीपी कुठल्या मोबाईलवर गेला आणि पडताळणीचा फोन झाला असल्यास त्याचं रेकॉर्डिंग, हेही मागा.

---

लीड्सकर

मी इंग्लंडात राहतो. धागा वाचताना इथला पीपीआयचा (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, कर्जाला जोडून विकलेला विमा) सगळा इतिहास डोळ्यांसमोर आला, कारण चाल हुबेहूब तीच होती : एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळायचा, त्यावर व्याज घ्यायचं आणि 'हे घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही' असं सूचित करायचं. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना, निवृत्तांना, आधीपासून आजारी असणाऱ्यांनाही तो विकला गेला, ज्यांना दावा करताच आला नसता.

२००५ साली सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने यावर औपचारिक तक्रार केली. बँका न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये हरल्या. २०१४ च्या प्लेव्हिन नावाच्या बाईंच्या खटल्यात तर उघड झालं की त्यांच्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के रक्कम कमिशनमध्येच गेली होती आणि त्यांना ते सांगितलंच नव्हतं. तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. तोवरच्या तक्रारींपोटी बँकांनी मिळून ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत केले.

तुमच्या कामाचा भाग असा की इथे भरपाई नुसत्या प्रीमियमची नव्हती. प्रीमियम, त्यावर कर्जात भरलेलं व्याज, आणि वर त्या पैशांवर सहसा वार्षिक ८ टक्के सरळ व्याज. हा नियम भारतात लागू नाही, पण मागणी करताना हिशोब असाच मांडा. 'प्रीमियम परत द्या' एवढंच लिहिलंत तर तेवढंच मिळेल.

अजून एक. इथे 'आम्ही पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांचं पेवच फुटलं होतं. भरपाईतला पाव हिस्सा आणि कधी त्याहूनही जास्त त्या घेत. शेवटी २०१८ मध्ये कायद्याने त्यावर २० टक्क्यांची मर्यादा घातली. भारतातही असे दलाल दिसू लागले आहेत. पत्र स्वतः लिहिता येत असताना त्यांना एक रुपयाही देऊ नका.

---

कृष्णाकाठ

लीड्सकर, मांडवीताई, मनापासून आभार. पत्र पाठवलं. त्यातला मुख्य मजकूर इथे देतो, कुणाला उपयोगी पडला तर घ्या :

"सदर सर्टिफिकेट मला प्रथमच ईमेलने मिळाले असून त्याआधी कोणताही विमा दस्तऐवज मला मिळालेला नाही. फ्री लुक तरतुदीनुसार मी हे संरक्षण रद्द करू इच्छितो. कारणे : १) विमा कर्जासाठी सक्तीचा असल्याचे मला सांगण्यात आले. २) की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये विम्याचा खर्च 'लागू नाही' असा आहे. ३) मी रक्तदाबाची माहिती तोंडी दिली असताना घोषणापत्रात 'नाही' अशी नोंद आहे. ४) संरक्षणाची मुदत कर्जाच्या मुदतीच्या निम्मी असल्याचे सांगितले गेले नाही. माझी मागणी : प्रीमियमची रक्कम कर्जखात्यात जमा करावी, कर्ज वितरणाच्या तारखेपासून त्यावर आकारलेले व्याज परत करावे, आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा. तसेच घोषणापत्र, संमतीचा ओटीपी तपशील व फोनचे रेकॉर्डिंग यांच्या प्रती द्याव्यात."

---

अडकित्ता

उत्तम पत्र. मी वकिली करतो, म्हणून दोन-चार गोष्टींची भर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'निर्बंधात्मक व्यापार पद्धत' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. एक सेवा हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं त्यात येतं. कर्जाला विमा बांधणं हे त्याचं सरळ उदाहरण. बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत की बँकेच्या सेवा आणि विमा यांची सांगड घालायची नाही, ग्राहकाचा सहभाग पूर्ण ऐच्छिक हवा. 'तुम्ही सही केली आहे' हा बचाव नेहमी येतो. सही आहे हे नाकारायचं नाही. सही कशाच्या जोरावर घेतली, हे दाखवायचं.

कुठे जायचं याबाबत लोक घोळ घालतात. कर्ज देणारा आणि विमा देणारा यांचे नियामक वेगळे आहेत. विमा कंपनीने दोन आठवड्यांत दाद दिली नाही तर इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर जा, किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपाल ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.

कर्ज देणारी बँक असेल तर ३० दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेचं सीएमएस पोर्टल. पण तुमची हौसिंग फायनान्स कंपनी आहे! तिची तक्रार तिथे चालत नाही. ती नॅशनल हौसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर टाकायची. चुकीच्या दारात तक्रार टाकून महिने घालवलेले लोक मी पाहतो, म्हणून ठळकपणे सांगतोय.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. मात्र एक लक्षात ठेवा : आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. आधी लोकपाल, समाधान झालं नाही तर आयोग, हा क्रम सोयीचा.

---

नवखा

माझं कर्ज सहा वर्षांपूर्वीचं आहे. पॉलिसी तेव्हाच मिळाली होती. मला काही करता येईल का?

---

अडकित्ता

फ्री लुक गेला. जबरदस्तीने विकल्याचा मुद्दा दोन वर्षांच्या मुदतीत बसवणं कठीण. खोटी आशा देत नाही. पण कर्ज मुदतीआधी फेडत असाल किंवा दुसऱ्या बँकेत नेत असाल तर उरलेल्या मुदतीची सरेंडर रक्कम मिळते का हे सर्टिफिकेटमध्ये बघा. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. कर्ज बंद होतं, एनओसी मिळते आणि विम्याचे पैसे तिकडेच पडून राहतात. ते स्वतःहून कुणी देत नाही, अर्ज करावा लागतो.

आरोग्याच्या नोंदी बरोबर आहेत का तेही तपासा. विमा चालू ठेवणार असाल तर चुकीची नोंद आत्ताच लेखी दुरुस्त करून घ्या.

---

टेंभुर्णी

नवखा, नॉमिनीचं नावही बघा. वहिनीच्या वेळी सर्टिफिकेटवर आमच्या वारलेल्या आईचं नाव होतं, त्यामुळे उरलेल्या रकमेसाठी वारसाचे कागद गोळा करावे लागले.

---

कृष्णाकाठ

अपडेट देतो. विमा कंपनीने आधी 'शाखेशी संपर्क साधा' असं एका ओळीचं उत्तर पाठवलं. दोन आठवडे झाल्यावर बीमा भरोसावर तक्रार टाकली आणि केएफएसचं ते पान जोडलं. त्यानंतर कंपनीकडून फोन आला, भाषा एकदम बदललेली. संरक्षण रद्द केलं आहे आणि थोडी वजावट करून प्रीमियमची बाकी रक्कम कर्जखात्यात जमा झाली आहे. आकड्यांचा तपशील त्यांनी लेखी दिला.

घोषणापत्राची प्रतही आली. संमतीचा ओटीपी ज्या मोबाईलवर गेला त्याचे शेवटचे आकडे माझ्या नंबरचे नाहीत.

त्याआधीच माझ्या नावे टर्म पॉलिसी मंजूर झाली, रक्तदाबाच्या नोंदीसह. बायकोचीही वेगळी काढतोय.

अडलंय ते व्याज. कर्ज कंपनीने रक्कम जमा झाली त्या तारखेपासूनच मुद्दल कमी केलं. कर्ज दिल्यापासून तोवर दरमहा साधारण ९०० रुपये व्याज या प्रीमियमवर बसलं, ते परत द्यायला ती तयार नाही. म्हणते, विमा कंपनीकडे मागा.

---

आकडेमोड

व्याज कर्ज कंपनीने घेतलं, तर परतही तिनेच द्यायचं. आणि मुद्दल कमी झाल्यावर त्यांनी हप्ता कमी केला की मुदत? काहीच सांगितलं नसेल तर नवीन तक्ता मागा आणि मुदत कमी करून घ्या. हप्ता आहे तोच राहिला तर कर्ज लवकर संपेल.

---

अडकित्ता

तो ओटीपीचा कागद जपून ठेवा, लॅमिनेशन वगैरे करू नका, मूळ ईमेल हेडरसह साठवा. दुसऱ्याच नंबरवर ओटीपी घेऊन तुमच्या नावाने संमती नोंदवली असेल तर हा विषय व्याजाच्या पलीकडे जातो. ग्रिड्सवरच्या तक्रारीत ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात लिहा, व्याजाची मागणी दुसऱ्या.

---

कृष्णाकाठ

तशीच टाकली. उत्तरासाठी थांबतो आहे. व्याज मिळालं नाही तर सांगलीच्या जिल्हा आयोगात जाणार, मुदतीत आहे. मुदत कमी करण्याचा अर्ज दिला, पोचपावती घेतली.

---

मांडवी

तो नंबर कुणाचा, हेही त्यांनाच विचारा. लेखी.